सकाळी आठचा गडगा

बोनारिया देयाना या बाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका खडकावर, डोक्यावरून काळी शाल ओढून, वाकून उभी होती. मला वाटलं, बाई रडते आहे. विचारपूस करावी म्हणून पुढे गेलो, तर शालीतून आवाज आला, "बाजूला हो. तुझी सावली पडते आहे गवतावर."

शालीखाली कॅमेरा होता. नवऱ्याचा, लाकडी, तीन पायांचा. मी उचलून पाहिला आहे. चांगल्या मेंढीएवढा जड. ती तो खांद्यावर घेऊन बसमधून उतरायची आणि डोंगर चढायची. मदत घ्यायची नाही. "तू दगड वाहतोस तेव्हा मी मधे येते का?" म्हणायची. मला ते पटायचं.

मी सार्डिनिया बेटावरच्या तिलोराई गावचा. आयुष्यभर गडगे घातले. आमच्या पठारावर माती कमी आणि दगड फार, म्हणून शेताला कुंपण दगडाचंच. चुना नाही, गारा नाही. दगडावर दगड नीट बसला पाहिजे, एवढंच. आता गुडघे गेले, म्हणून बसून लिहितो.

बोनारियाबाईच्या नवऱ्याचा माकोमेरला स्टेशनजवळ स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, आणि थडग्यावर लावायचे फोटो. तो वारल्यावर बाईने दुकान चालवलं. पण मार्च संपला की दुकानाला कुलूप. गवत पिवळं पडेपर्यंत ती सार्डिनियाभर हिंडायची, कधी छोट्या रेल्वेने, कधी बसने, उरलेलं पायी, आणि जमिनीचे फोटो काढायची.

जमिनीचे का? तर आमचे लोक बाहेर गेले होते. कोण बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत, कोण तोरिनोच्या कारखान्यात. घरी विचारलं तर घरचे म्हणणार, सगळं ठीक आहे. म्हणून ते बोनारियाबाईला सांगायचे: माझं शेत काढून पाठव. ती पाठवायची. तिचा फोटो आला की लोक त्यावर विश्वास ठेवायचे. सख्ख्या भावावर ठेवत नसतील एवढा. बाईचा धंदा त्या विश्वासावर उभा होता, आणि बहात्तर सालच्या वसंतात तोच पणाला लागला.

तिच्या रीती ठरलेल्या होत्या. एका शेताचा फोटो दरवेळी एकाच जागेवरून. फोटोत माणूस नाही, कारण माणूस असला की लोक माणसालाच बघत बसतात. आणि वेळ सकाळी आठची. तेव्हाचे फोटो काळे-पांढरे. त्यात गवत आणि शेवाळ धरलेला दगड दोन्ही एकाच राखाडी रंगाचे येतात. दुपारी ऊन डोक्यावर असलं की गडगा गवतात बुडून जातो, शोधावा लागतो. आठला ऊन आडवं असतं. प्रत्येक गडग्याची सावली त्याच्याशेजारी रेघेसारखी पडते. कुठून कुठे गेला, कुठे ढासळला, सगळं दिसतं.

त्या एप्रिलमध्ये ती आमच्या घरी उतरली. नेहमीच उतरायची. माझ्या बायकोने, ग्राझिएत्ताने, रानातल्या शतावरीच्या कोंबांचं ऑम्लेट केलं होतं.

"कोणाचं शेत या वेळी?" ग्राझिएत्ताने विचारलं.

"कोस्तान्तिनो मुराचं. गडगा, झरा आणि नासपतीचं झाड, तिन्ही दिसलं पाहिजे म्हणतो."

"म्हणजे तुझ्या कोम्पारेच्या शेजारचंच की."

कोस्तान्तिनो खाणीत होता. त्याचा थोरला भाऊ प्रियामो इथे मेंढ्या राखायचा. बापाच्या शेताचे दोन हिस्से, मधे गडगा. प्रियामोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी बोनारियाबाईने हातावर धरलं होतं, म्हणून ती त्याची कोमारे, तो तिचा कोम्पारे. हे नातं आमच्याकडे रक्ताहून घट्ट धरतात. भावाशी भांडलेला माणूस गावात चालतो. कोमारेशी भांडलेल्याकडे लोक वळून बघतात.

"मग तो तुला चीज देईल," मी म्हटलं.

"देऊ दे. तुझ्या घरातल्यापेक्षा बरं असतं."

"आमच्यात काय वाईट आहे?" ग्राझिएत्ता म्हणाली.

"वाईट काही नाही. चवही नाही."

सकाळी मीही तिच्याबरोबर निघालो. मला तिथेच पलीकडे एक ढासळलेला गडगा सावरायचा होता. वायव्येचा वारा सुटला होता. बाईने खडकावर तिपाई रोवली, खाली दगड बांधून लोंबवला, म्हणजे हलू नये, आणि बसून राहिली. वाऱ्यात गवत हललं की फोटोत धुरकट येतं. पांढऱ्या फुलांचे उंच दांडे शेतभर डोलत होते. मग हळूहळू थांबले. ती शालीत शिरली.

बराच वेळ बाहेर आली नाही.

आली ती म्हणाली, "मिस्त्री, गडगा कुठे उतरायचा?"

मी खाली पाहिलं. वरून येणारा गडगा पूर्वी थेट नासपतीच्या खोडाला भिडायचा. झरा झाडाच्या उजव्या हाताला, म्हणजे कोस्तान्तिनोच्या हिश्श्यात. आता गडगा मधेच वळला होता आणि झऱ्याला पोटात घेऊन उजवीकडून उतरत होता, म्हणजे झरा आता प्रियामोकडे. फुललेलं झाड डावीकडे एकटं उभं होतं. नवा तुकडा कोणी घातला तेही मला कळलं. आरपार जाणारा एकही दगड नव्हता. मेंढपाळाचं काम.

धार काढून प्रियामो वर येत होता. हातात ताज्या रिकोटाची, म्हणजे मऊ पांढऱ्या चीजची टोपली. आम्ही कुठे बघतो आहोत हे त्याला दुरूनच समजलं असावं, कारण शेवटची चढण तो फार सावकाश चढला.

"कोमारे, आधी खाऊन घे. गरम आहे."

"गडगा कधी हलवलास?"

"हिवाळ्यात." त्याने टोपली खाली ठेवली. "तो विकणार आहे. गावात कळलंय मला. बाहेरचा कोणी घेईल, झऱ्याला तार ओढेल. मग माझ्या मेंढ्यांनी काय दगड चाटायचे?"

"त्याला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"नाही म्हणाला असता हे तुला कोणी सांगितलं?"

प्रियामो माझ्याकडे वळला. "मिस्त्री, सांग की तू काहीतरी."

"काम वाईट झालंय," मी म्हटलं. "पुढच्या पावसात पोट काढेल."

"कामाचं कोण विचारतंय!" तो परत तिच्याकडे वळला. "कोमारे, मी खोटा फोटो काढ म्हणत नाही. हाच काढ, इथूनच काढ. फक्त दुपारी काढ. सगळं असेल त्यात. दिसलं नाही तर तुझा काय दोष?"

सोपी गोष्ट होती. चार तास सावलीत बसायचं, रिकोटा खायचा. फोटोत एकही खोटी गोष्ट आली नसती.

"माझी पोर तू हातावर धरलीस," प्रियामो म्हणाला.

"धरली. तिच्या लग्नातही उभी राहीन. पण तो तिकडे जमिनीखाली असतो, प्रियामो. मी दाखवते तेवढंच त्याला दिसतं."

तिने प्रियामो म्हटलं, कोम्पारे नाही. हे त्यानेही ऐकलं.

मग बाईने शेताकडे पाहिलं. फुलांचा एकही दांडा हलत नव्हता. गवताचं पातं हलत नव्हतं. ती म्हणाली, "आज फार वारा आहे. आज फोटो येणार नाही. मी पुढची दोन गावं करून गुरुवारी येते. गुरुवारी आठला जे असेल ते घेईन."

तिने कॅमेरा खांद्यावर घातला आणि उतरायला लागली. रिकोटा तिथेच राहिला. मी खाल्ला, टाकून कशाला द्यायचा.

प्रियामो खडकावर बसून होता. "वारा कुठे आहे?" तो म्हणाला.

"बाई म्हणते तर असेल. गुरुवारपर्यंत आहे. तू बसून राहणार आहेस का?"

"एकट्याने होणार नाही माझ्याच्याने."

"जुन्या जागी मी रचतो. दगड तू वाहायचे. सगळे. आणि मी ठेव म्हणेन तिथेच ठेवायचे."

गडगा पाडणं सोपं. ढकलला की पडतो. पण दगड ज्या क्रमाने पडतात त्याच्या उलट्या क्रमाने लागतात. तळाचे मोठे दगड ढिगाच्या खाली अडकतात आणि पहिल्यांदा तेच लागतात. म्हणून आधी सगळा ढीग पसरायचा: मोठे एकीकडे, लांब दगड एकीकडे, कपच्या एकीकडे. प्रियामोला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने कपच्याच आधी आणल्या. मी त्या परत न्यायला लावल्या.

"मुद्दाम करतोस."

"मुद्दाम केलं असतं तर दोनदा न्यायला लावल्या असत्या."

तळाला मोठे, दर हाताला एक आरपार, पोटात कपच्या ठासून, दोन्ही बाजू आत झुकत्या. शेवाळाची बाजू बाहेर. त्याची बोटं फुटली, तरी धारेची वेळ सोडून तो दगडाजवळून हलला नाही. मी त्याला आधी आळशी समजायचो, तसा तो नव्हता. बुधवारी संध्याकाळी शेवटचा दगड नासपतीच्या खोडाशी बसला. गडगा पूर्वीच्या जागी, पूर्वीपेक्षा चांगला.

गुरुवारी बाई आली. वारा नव्हता. खडकावर उभं राहून तिघांनीही पाहिलं, आणि तिघांनाही एकदमच दिसलं. हिवाळाभर गडगा जिथे होता तिथे गवत मेलं होतं. हिरव्या शेतात एक फिकी पट्टी झऱ्याला वळसा घालून उतरत होती. आम्ही चार दिवस तिच्या शेजारी काम केलं आणि आम्हाला ती दिसली नव्हती. जवळून दिसत नाही. खडकावरून मात्र खडूने ओढल्यासारखी.

"मेंढ्या आणून उभ्या करतो तिच्यावर," प्रियामो म्हणाला.

"मेंढ्या हलतात."

"मग फांद्या पसरतो."

"पसर. फांद्या येतील फोटोत. तो विचारेल, फांद्या कशाला."

"थोडे दिवस थांब. गवत उगवेल."

"तोवर सगळंच पिवळं होईल."

"कोमारे, आज पण वारा आहे म्हण ना!"

ती शालीत शिरता शिरता थांबली. "वारा एकदाच असतो," ती म्हणाली.

तिने फोटोच्या दोन प्लेटा घेतल्या. प्रियामो निघून गेला. त्या वर्षी त्याने तिला चीज दिलं नाही आणि आमच्या घरासमोरून जाताना मान वळवली नाही. ग्राझिएत्ता म्हणाली, "त्याला सांभाळायचं एवढं मन होतं तर दुपारी काढायचा होता." बाई म्हणाली, "मग तुझ्या भावाने तोरिनोहून मला सांगितलं असतं का शेताचा फोटो काढ म्हणून?" ग्राझिएत्ता ताटं उचलायला लागली. तिच्या भावाची आमच्याशी शेतावरून कुरबूर चाललेली होती.

ऑगस्टमध्ये खाणी बंद असतात, तेव्हा कोस्तान्तिनो आला. गावात पोचला त्याच दिवशी मला बोलावून शेतावर घेऊन गेला. प्रियामो तिथे होताच. कोस्तान्तिनोच्या खिशात फोटो होता. तोवर सगळं रान वाळलेलं, पट्टी कुठे होती ते सांगताही आलं नसतं. त्याने फोटोवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या भावाला विचार."

प्रियामोने सांगितलं. लांबवलं नाही. हलवला म्हणाला, परत ठेवला म्हणाला.

"पाण्यासाठी?"

"तू विकणार होतास."

"विकणारच होतो. गिऱ्हाइकाला दाखवायला तर फोटो मागवला. दाखवण्यासारखा आला नाही." तो फोटोकडे बघत राहिला. "तोंड नव्हतं का तुला, मागायला?"

"तुला नव्हतं का सांगायला, विकतोय म्हणून?"

मेंढ्या गडग्याला तोंड लावून उभ्या होत्या, पलीकडच्या पाण्याच्या वासाने. कोस्तान्तिनोने त्यांच्याकडे पाहिलं, मग मला म्हणाला, "मिस्त्री, इथे वाट ठेव. एक मेंढी जाईल एवढी."

नुकताच घातलेला गडगा फोडायचं माझ्या जिवावर आलं. पण वाट ठेवली. दोन्ही कडांना उभे लांब दगड, म्हणजे मेंढ्यांच्या घासण्याने ढासळू नये. प्रियामोने दगड दिले, आता क्रमाने. भाऊ गळ्यात पडले वगैरे काही झालं नाही. कोस्तान्तिनो सासरीच जेवला. पण जमीन त्या वर्षी विकली नाही, आणि पुढे विकायची ठरवली तेव्हा आधी प्रियामोला विचारलं.

ही गोष्ट आसपासच्या गावांत पसरली. एक झालं, दर मार्चमध्ये मला कामं वाढली. बोनारियाबाई येणार म्हटलं की लोकांना आपापले गडगे आठवायचे.

दुसऱ्या वसंतात ती आमच्याकडे आली तेव्हा कोस्तान्तिनोने काही मागवलेलं नव्हतं. तरी सकाळी ती त्याच खडकावर चढली. वाट असलेला गडगा तिला घ्यायचा होता. प्रियामो खाली मेंढ्या सोडत होता. त्याने तिला पाहिलं. काठी टेकत वर आला. हातात टोपली होती. ती त्याने तिपाईपासून जरा लांब ठेवली, जणू विसरला.

"मेंढ्या वाटेतून जातील आत्ता," तो म्हणाला. "चालेल का?"

"हलतील. पांढरा पट्टा येईल नुसता. येऊ दे."

तो टोपी सारखी करत तिथेच घुटमळत राहिला.

"मी कुठे उभा राहू?"

शाल हलली. आतून आवाज आला, "फोटोच्या बाहेर, कोम्पारे."