पंचफुलाबाईंनी वाचलेला कोरा हात

नायगाव तालुक्यात क्षयरोगाच्या कामावर असलेल्या आरोग्यसेविका पंचफुलाबाई यांच्या उजव्या तर्जनीवर लोकांचा, आणि खुद्द डॉक्टरांचाही, मोठा विश्वास होता. त्वचा-चाचणीचे वाचन हे त्यांचे खास काम. क्षयजंतूच्या प्रथिनाचा सूक्ष्म अंश डाव्या हाताच्या कातडीत टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी ती जागा तपासतात. तिथला लालसरपणा हिशेबात धरायचा नसतो. मोजायचा असतो तो कातडीखालचा कठीणपणा, आणि तो डोळ्यांना धड दिसत नाही. म्हणून बाई डोळे मिटून बोट फिरवीत. काठ लागला की बॉलपेनने खूण करीत, मग पारदर्शक पट्टी आडवी धरून मिलिमीटर वाचीत. एकवीस वर्षांत त्यांनी असे हजारो हात वाचले.

या चाचणीमागचे शास्त्र त्या गावोगाव आपल्या पद्धतीने समजावून सांगत. “गावात कोंडवाडा हाय ना? मोकाट जनावर मारत न्हाईत, कोंडून ठेवतात. अंगातबी तसंच हाय. जंतू छातीत शिरला की तिथल्या पेशी त्याला गिळतात, पर तो पचत न्हाई. त्यांच्या पोटात जिता राहतो. मग दुसऱ्या पेशी येतात आन् भोवती कोंडवाडा घालतात.”

“आन् मग राखण कुणी करायची?” कोणीतरी हमखास विचारी.

“त्याच पेशींनी. जन्मभर. राखणदार ओळख धरून हायत का, हाक मारली की येतात का, ते ह्या हातावर बघायचं.”

पुस्तकी भाषेत सांगायचे तर या वर्णनात चूक काढावी असे फारसे काही नाही. फुप्फुसातील भक्षक पेशी जंतूला गिळतात, पण त्याला संपवण्याचे बळ त्यांना एकट्याने लाभत नाही. वार्ता लसिका ग्रंथींपर्यंत पोचून तिथून टी-पेशी, म्हणजे बाईंचे राखणदार, येण्यास काही आठवडे लागतात. त्या रासायनिक संदेश सोडून भक्षक पेशींना चेतवतात, आणि सगळ्या मिळून जंतूंभोवती सूक्ष्म गाठ रचतात. बहुतेक माणसांत ही गाठ आयुष्यभर टिकते आणि जंतू आत निद्रिस्त राहतो. हातावर टोचलेले प्रथिन त्या टी-पेशींच्या स्मृतीला साद घालते. त्या जमल्या की कातडी कठीण होते.

बाईंचे माहेर नायगावपासून सात-आठ किलोमीटरवर. थोरले बंधू भुजंगराव तिथे शेती करीत आणि देवणी जातीचा एक वळू जिवापाड सांभाळीत. त्यांचा मुलगा सत्यम लातूरला एका वसतिगृहाच्या भोजनगृहात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी तो खोकला घेऊन घरी आला, थुंकीत क्षयजंतू सापडले आणि उपचार सुरू झाले. घरातल्या इतरांची तपासणी आत्याच करणार, हे ठरलेलेच होते.

तो रविवार होता. बाईंबरोबर त्यांचे पती आदिनाथही आले होते. नायगावात त्यांचे औषधांचे दुकान. ओसरीवर चहा झाला. सत्यमची पत्नी सुकन्या हिला टोचून झाल्यावर बाईंनी भावाचा हात पुढे ओढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“दादा, दुसरं काई औषध चालू हाय का? साखरेचं, सांध्याचं, पुडी, गोळी?”

“मला काय धाड भरली? वळूमागं कोसभर चालतो.”

“खरं सांग. गुडघे दुखत होते ना तुझे?”

“दुखत होते. आता न्हाई दुखत.”

चहाची बशी खाली ठेवत आदिनाथ हसले. “अगं, मेव्हणे गोळीला शिवतात होय? सगळे असेच निघाले तर आमचं दुकान चालायचं कसं?”

सगळेच हसले. बाईही हसल्या, आणि कागदावर ‘इतर औषधे’ या शब्दांपुढे त्यांनी ‘नाहीत’ असे लिहिले.

तिसऱ्या दिवशी वाचन झाले. सुकन्याच्या हातावर चौदा मिलिमीटर कठीणपणा होता. भुजंगरावांच्या हातावर बाईंनी तीनदा बोट फिरवले. कातडी सपाट होती.

“बघ पोरी, तुझ्या हातावर पुरी फुगली,” भुजंगराव सुनेला म्हणाले. “आन् आमचा हात कसा कोरा करकरीत!”

“मामंजी, तुमच्या अंगाला जंतूबी भीत असंल,” सुकन्याने उत्तर दिले.

सुकन्याला प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. भुजंगरावांना बाईंनी सांगितले, “दादा, तुला गरज न्हाई.” आदिनाथ त्या दिवशीही तिथेच होते, ते वळूची पाठ थोपटत उभे होते.

सहा महिन्यांत सत्यम बरा होऊन लातूरला परतला. त्यानंतर भुजंगरावांना बारीक ताप येऊ लागला. हातपाय वाळत चालले, चेहरा मात्र गोल आणि तुकतुकीत दिसे, त्यामुळे गावात कोणी त्यांना आजारी मानीना. सुकन्याने कळवल्यावर बाईंनी तपासण्या करवल्या. थुंकीत जंतू होते. छातीच्या चित्रात दोन्ही फुप्फुसांवर बाजरीचे दाणे विखुरावेत तसे ठिपके होते. असे ठिपके कोंडवाडा एका जागी फुटल्याचे नसतात. जंतू रक्तातून सर्वत्र पसरल्याचे ते लक्षण असते.

नांदेडच्या रुग्णालयात उपचार सुरू झाले आणि नवव्या दिवशी भुजंगराव कोसळले. ओकाऱ्या झाल्या, रक्तदाब इतका खाली आला की ते डोळे उघडेनात. तिथल्या डॉ. विशाखा यांनी तातडीने इंजेक्शन दिले. तासाभराने दाब सावरला. मग त्यांनी बाईंना बाजूला घेतले.

“तुमचे भाऊ स्टेरॉइड घेत होते. गोल चेहरा, पोटावर जांभळे पट्टे, कागदासारखी कातडी. बरेच महिने घेतलं असणार.”

“मी विचारलं होतं, मॅडम. न्हाई म्हणाले.”

“बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. इथं आल्यापासून गोळी बंद झाली. त्यात क्षयाचं औषध उरलंसुरलंही लवकर संपवतं. आज इंजेक्शनवर निभावलं. पण कोणती गोळी, किती, किती दिवस हे कळल्याशिवाय पुढची मात्रा मी अंदाजानं ठरवणार. पुन्हा असंच झालं तर सावरतीलच असं नाही.”

“आन् तो हात?” बाईंनी विचारले. “शून्य आलं होतं.”

“शून्यच असणार. तुमचं बोट चुकलं नाही. स्टेरॉइडनं टी-पेशी दडपल्या होत्या. साद घातली, पण यायला कोणी शुद्धीवर नव्हतं.”

शुद्धीवर आल्यावर भुजंगरावांनी भिंतीकडे तोंड केले. बाईंनी विनवले, रागावल्या, शेवटी त्यांचे पाय धरले. ते एवढेच म्हणाले, “शपथ घातलीया मला. नगं विचारू, फुला.”

कोणी घातली, हे दुसऱ्या दिवशी कळले. सुकन्याने घर धुंडाळले. सासऱ्यांच्या जुन्या बंडीच्या आतल्या खिशात तिला एक कागदी पाकीट सापडले, आणि सकाळच्या गाडीने ती ते घेऊन नांदेडला आली.

“आत्या, ह्याच्यात बघा. नाव-बिव कायबी न्हाई.”

गोळ्यांच्या पट्ट्यांचे तुकडे होते, नाव छापलेला भाग कापून टाकलेला. प्रत्येक तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल केलेले होते. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांना टोचू नयेत म्हणून पट्टीचे कोपरे असे गोल करून देणारा दुकानदार नायगावात एकच होता. त्या सवयीचे पंचफुलाबाईंना लग्नानंतर किती कौतुक वाटले होते, ते त्यांनी शेजारणींनाही सांगितले होते.

दुपारी आदिनाथ डबा घेऊन आले. बाईंनी पाकीट त्यांच्या हातावर ठेवले. खाटेवर भुजंगराव जागे होते.

“अहो, कोणती गोळी? किती?”

आदिनाथ डब्याच्या कडीशी चाळा करीत राहिले. “ते जत्रेत वळू फिरवायचं म्हणत होते. गुडघ्यानं बसता येईना, उठता येईना. दोन गोळ्यांत चालायला लागले. मग सोडवेना त्यांना.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“तू ओरडली असतीस.”

“त्या रविवारी मी तुमच्यासमोर विचारलं. तुम्ही हसलात. मीबी हसले.”

“दाजीला काय बोलू नगं,” खाटेवरून क्षीण आवाज आला. “शपथंच्या आधी मीच म्हणलो होतो, फुलाला कळू देऊ नगा.”

त्या क्षणी बाईंच्या लक्षात काय आले असेल, याचा तर्क करणे कठीण नाही. ओसरीवर त्यांनी विचारले तेव्हा समोरच्या दोघांना उत्तर ठाऊक होते. माणसाच्या हातावर त्याचे शरीर खोटे बोलत नाही, एवढ्या एका भरवशावर त्यांनी एकवीस वर्षे बोट फिरवले होते. त्यांच्याच घरातल्या दोघांनी तो हात आधी मुका केला आणि मग त्यांच्यापुढे वाचायला धरला.

डॉ. विशाखा केसपेपर घेऊन आल्या. आदिनाथांनी खालच्या आवाजात गोळी सांगितली, मात्रा सांगितली, दीड वर्ष म्हणाले. मग थांबून पुटपुटले, “मॅडम, दुकानाचं नाव तेवढं नका लिहू. घरातलाच मामला आहे.”

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिले. भुजंगराव मान हलवून नको-नको म्हणत होते. बाईंनी दुकानाचे नाव, गल्लीसकट, स्पष्ट उच्चारात सांगितले. “याच दुकानातून अजून कुणाकुणाला गोल कोपऱ्यांच्या गोळ्या गेल्यात, तेबी शोधावं लागंल. त्या सगळ्यांचे हात मीच वाचलेत.”

मात्रा कळल्यावर उपचार मार्गी लागले. स्टेरॉइड हळूहळू उतरवत, क्षयाची औषधे चालू ठेवत भुजंगराव महिन्याभरात बसू लागले. त्यांचा जीव वाचला. दरम्यान दुकानाची चौकशी होऊन ते बंद झाले. आदिनाथ आपल्या भावाकडे माहूरला गेले आणि परत कधी येणार, हे बाईंनी विचारले नाही. आधीच्या नोंदींतले सपाट हात पुन्हा तपासायला त्यांनी सुरुवात केली. पहिल्या आठवड्यातच तशाच गोळ्या घेणाऱ्या दोन म्हाताऱ्या सापडल्या.

घरी जायच्या दिवशी भुजंगराव गाडीत बसले तरी दार लावू देईनात.

“दाजीचं दुकान घालवलंस तू. सख्ख्या बहिणीनं असं करावं?”

बाईंनी औषधांची पिशवी सुकन्याच्या मांडीवर ठेवली आणि सकाळच्या गोळ्या कोणत्या ते तिला दाखवले.

भुजंगरावांचा आवाज उतरला. “पाच महिने हायत अजून. तू येशील ना द्यायला? सत्यमला तूच दिल्या होत्यास.”

“गोळ्या येतील, दादा,” पंचफुलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडीचे दार लावले.