बडेसाबचा आवाज

“बांगड्यांच्या डब्यात कोण ठेवतं गं अम्मी कानाचं मशीन?”

“मी ठेवते.”

“का पण?”

“ओरडू नको. ओरडलास की ओठ वाकडे होतात, मग मला वाचता येत न्हाय.”

“ओरडू नको तर काय करू? किती दिवस झाले, अनिसा म्हणतीय दुपारी कपाटातनं शिट्टी येती. बारीक. लांबवर कुणीतरी रडतंय असली. मी म्हणलं उंदीर असंल.”

“उंदीर शिट्टी मारत न्हाईत, मी तवाच सांगितलं होतं,” अनिसा गॅसपाशी भाकरी थापता थापता म्हणाली. “मी तर दुवा फुंकून दम केलेलं पाणी आणून शिंपडलं कपाटावर. बाळाला घेऊन दुपारची शेजारी जाऊन बसत होते. ह्या घरात एकटं बसायची हिंमत नव्हती माझी.”

मदिनाबी सुनेच्या ओठांकडे बघत होती. शिट्टी. तिनं मुलाच्या, खालिदच्या हातातल्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं. काचेच्या हिरव्या बांगड्यांच्या मध्ये दोन मशीनं पडली होती, पावट्याच्या दाण्याएवढी.

“ती वाजतात?” तिनं विचारलं.

“चालू मशीन डब्यात कोंडलं की वाजणारच. साऱ्या घरानं ऐकलं, अम्मी. तुला सोडून.”

हे मात्र मदिनाबीच्या ध्यानात आलं नव्हतं. कुणाला पत्ता लागू नये म्हणून जी वस्तू तिनं साड्यांच्या तळाशी दडपली, तीच रोज दुपारभर तिच्या नावानं बोंब मारत होती, आणि ती समोरच बसून लसूण सोलत होती.

मदिनाबी साठीच्या अलीकडची बाई. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा पोरगीच होती. नवरा बडेसाब टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचा, आणि मालकानं राहायला खोली दिली होती ती कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून. दोन्ही पाळ्या माग चालत. भिंत थरथरायची, तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची. महिन्याभरात तीही मागाशेजारी सुताच्या कांड्या भरायला बसली. तिथं तोंडानं बोलून उपयोग नव्हता. कारखान्याची एक वेगळीच बोली होती: आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, मोठे मोठे, आणि जोडीला हात. सूत तुटलं, मालक आला, भूक लागली, सगळं ओठावर. तीन मागांच्या पलीकडून बडेसाब तिला म्हणायचा, ‘आज डोळे का सुजलेत?’ आणि मधल्या कुणालाही कळायचं नाही. कळायचं, पण तसं दाखवत नसत.

पुढं दोघांचेही कान गेले. कधी गेले ते सांगता येणार नाही. एका सुट्टीच्या दिवशी माग बंद होते आणि तिला ते बंद आहेत हे कळलंच नाही, एवढं आठवतं. डोक्यात ते चालूच होते. तेव्हापासून ते कधी थांबले नाहीत. खट खट, खट खट. कारखाना विकला गेला, तिथं मंगल कार्यालय झालं, हे लोक नई जिंदगी वस्तीत राहायला आले, तरी माग तिच्या डोक्यात चालतच राहिले.

घरीसुद्धा नवरा-बायको त्याच बोलीत बोलत. चाळीस वर्षांचा संसार, भांडणासकट, ओठांवर झाला. आणि त्या ओठांना मदिनाबीनं एक आवाज दिला होता. लग्नाच्या पहिल्या दिवसांत त्याचा खरा आवाज तिनं ऐकलाही असेल, पण बडेसाब तेव्हा लाजरा होता आणि भिंतीपलीकडे माग होते. नंतरचा आवाज तिचा तिनं रचला. जाडसर, सावकाश, घोंगडीसारखा. तो ओठ हलवायचा आणि हा आवाज तिच्या आत वाजायचा. दुसरा काही असू शकतो, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

बडेसाब दोन वर्षांपूर्वी गेला. पण डोक्यातले माग चालू होते, आणि मागांच्या पलीकडे तो उभा असायचा. भांडी घासताना, बाळाला झोका देताना. ओठ हलवायचा, त्या घोंगडीसारख्या आवाजात बोलायचा. मदिनाबी उत्तर द्यायची, तेही आवाज न काढता. अनिसाला वाटायचं सासू कलमा पढतीय.

मग खालिदनं ही मशीनं आणली. खालिद टेंपो चालवतो, टॉवेलचे गठ्ठे वाहतो. आई मागून आलेल्या रिक्षाखाली येता येता वाचली, तेव्हापासून त्यानं मनावर घेतलं होतं. दुकानदारानं समजावलं होतं: जुन्या पद्धतीच्या मशीनला मुगाएवढे सेल लागायचे, म्हाताऱ्या बोटांना बसवता येत नसत. ह्याला ती कटकट नाही. रात्री डबीत ठेवायचं, नारिंगी दिवा लुकलुकतो, सकाळी हिरवा. डबीतच बॅटरी आहे, लाईट गेली तरी दोन-तीन दिवस काळजी नको, प्रवासातही चालेल. फक्त डबीत ठेवलं नाही तर मशीन आपोआप बंद होत नाही, संपेपर्यंत चालू राहतं.

त्यातलं शेवटचं तेवढं मदिनाबीनं पक्कं लक्षात ठेवलं.

त्याआधी तिनं मशीन बंद पाडायचा एक साधा उपाय करून पाहिला होता. कारखान्यात घरी जाताना मेन बटण खाली ओढलं की सगळे माग मेले. तसंच तिनं डबीच्या वायरचं बटण बंद केलं आणि निवांत झोपली. सकाळी हिरवा दिवा. दुसऱ्या दिवशीही हिरवाच. बटण बंद करूनही जे मरत नाही असलं यंत्र तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिनं बांगड्यांचा डबा शोधला. सकाळी खालिदच्या डोळ्यांदेखत मशीनं घालायची, टेंपो गल्लीबाहेर गेला की काढून डब्यात कोंडायची. संध्याकाळपर्यंत ती संपलेली. खालिद घरी आला की परत कानात. “बॅटरी गेली रे बाबा.”

“मी दोनदा दुकानात जाऊन भांडलो,” खालिद आता म्हणत होता. “त्याला चोर म्हणलं मी. तो म्हणला, साहेब, तुमच्या आईला विचारा. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. आज भाडं न्हवतं म्हणून दुपारी घरी आलो, तर हे.”

“त्याची माफी माग.”

“मागतो की. आधी तू सांग.” त्यानं मशीनं शर्टाला पुसली आणि तिला विचारायच्या आत दोन्ही कानांत बसवली, अनिसा बाळाच्या तोंडात औषधाचा चमचा घालते तशी. “हां. आता सांग. टोचतंय? डोकं दुखतंय?”

माग थांबले.

एकदम नाही, हळूहळू, लाईट गेल्यावर थांबत जातात तसे. त्यांच्या जागी भाकरीची थाप आली, गल्लीतला कोंबडा, पंख्याची करकर. मागांच्या पलीकडचा माणूस दिसेनासा झाला. आणि जवळून, अगदी कानापाशी, एक पातळ, घाईघाईचा, जरा नाकातला आवाज म्हणाला, “अम्मी? येतंय ना ऐकू?”

मदिनाबीनं डोळे मिटून घेतले.

“हे बघ, ही असंच करती,” खालिद बायकोला म्हणाला. “पहिल्या दिवशी पण असंच केलं. मी अब्बाचा जुना व्हॉइस मेसेज लावला, म्हणलं खूश होईल. हिनं मशीन काढूनच ठेवलं.”

“तो मेसेज पुसून टाक,” मदिनाबी म्हणाली.

“काय?”

“मोबाईलमधला. पुसून टाक. तो तुझा अब्बा न्हाय.”

खालिद हसला. मग त्याचं हसू गेलं. त्यानं खिशातून मोबाईल काढला. मदिनाबी नक्को, नक्को म्हणत असताना त्यानं मेसेजवर बोट दाबलं.

‘खालिद, टेंपो सावलीत लाव रे, सीट तापती. आणि येताना केळी आण. तुझ्या अम्मीनं सकाळपासनं काय खाल्लं न्हाय.’

पातळ. घाईघाईचा. नाकातला.

“हाच अब्बा हाय, अम्मी.”

“न्हाय. हा कोण परका माणूस हाय. माझ्या घरात येऊन मी जेवले का न्हाय ते सांगतोय.” तिचे हात पदरात गुंतले होते. “तुझा अब्बा असा बोलत न्हवता. मी चाळीस वर्षं ऐकलंय.”

“तू ऐकलं न्हाईस. तू बघितलंस.”

अनिसाची भाकरी तव्यावर करपत होती. तिनं ती उलटली नाही.

“व्हय, बघितलं,” मदिनाबी म्हणाली. “आता बघाया गेलं तर ओठ त्याचे आणि आवाज ह्या परक्याचा. पहिल्या दिवसापासनं. मशीन काढलं की थोडा वेळ तो नीट बोलतो, मग मधेच हा घुसतो. रोज जरा जास्त घुसतो. तो मेल्यावर मी रडले, पण तो गेला न्हवता. आता चाललाय. आणि मेसेज पुसून तरी काय व्हणार हाय?” ती थांबली. पुढचं तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, अल्लालासुद्धा तिनं ते ओठ हलवूनच सांगितलं होतं. “तू बोललास की तोच बोलतो. तुझा आवाज तसाच हाय, खालिद. तू सकाळी समोर येतोस, अम्मी म्हणतोस, आणि मला दार लावून घ्यावंसं वाटतं.”

खालिद डब्यातल्या बांगड्यांकडे बघत होता.

“लहानपणी तुमी दोघं बोलायचा,” तो म्हणाला, “आणि मी मधी बसलेला असायचो. ओठ हलायचे, आवाज न्हाय. मला वाटायचं माझ्यापासनं काहीतरी लपवताय. मी तुला पाठीमागनं हाक मारायचो. तू कधी वळली न्हाईस.”

“मला ऐकू येत न्हवतं रे.”

“ठाव हाय की. रागावलो न्हाय मी.” आता तो ओरडत नव्हता, आणि हळू बोलल्यामुळे तो आवाज आणखीच तसा वाटत होता. “मला जी हाक यायची ती अब्बाचीच. ह्याच आवाजात शिव्या दिल्या, ह्याच आवाजात टेंपो शिकवला. दवाखान्यात शेवटचं ‘तुझ्या अम्मीला सांभाळ’ म्हणले, तेबी ह्याच आवाजात. तुझ्याशी जो बोलत होता तो मी कधी ऐकला न्हाय, तर मी त्याला खोटा म्हणत न्हाय. पण हा जर परका असंल, अम्मी, तर मला कुणी वाढवलं?”

त्यानं ओठ मोठे केले नव्हते. तोंडसुद्धा भिंतीकडे होतं. वाचायला तिथं काहीच नव्हतं, आणि तरी शब्दन् शब्द तिच्यापर्यंत पोचला होता. ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय तिला आज नव्हती.

मदिनाबी उठली. अनिसानं “अम्मी, बसा की, चहा ठेवते,” म्हटलं, तेही तिला ऐकू आलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला, उंबऱ्याबाहेरच्या चपलांत पाय सरकवले, आणि कानातली मशीनं तशीच ठेवून, मागं न बघता, पाठीमागून हाक येते का ते ऐकत, भर उन्हात गल्लीत उतरली.