फाटके मोजे देता काहून?

दवाखान्यातले किस्से धुण्याच्या कपड्यांसारखे असतात, सकाळी निपटवले तरी संध्याकाळी ढीग तयार! मी नागपुरात सर्जरी वॉर्डची सिस्टर. माझ्या ढिगात मोजेच जास्त. ऑपरेशननंतर मांडीपर्यंत चढवतात ते घट्ट, पांढरे मोजे!

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईंनी उकाड्यापायी ते काढून उशीखाली लपवले. पायात रक्ताची गाठ झाली आणि फुफ्फुसात गेली. बाई थोडक्यात वाचल्या, पण मी त्या दिवशी फार रडले. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला मी हा उशीचा किस्सा ऐकवते आणि बजावते, "माझ्या वॉर्डात कोणालाच सूट नाही!"

*

सक्करदऱ्याचे एक रिटायर्ड हेडक्लार्क. राउंडला पाहते तर दोन्ही मोजे एकाच पायात, एकावर एक!

"काका, हे काय?"

"ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं झालं ना? मग डाव्याले काहून शिक्षा?"

मी समजावलं, पडून तर दोन्ही पाय आहेत, गाठ कुठेही होऊ शकते. काका म्हणाले, "मुद्दा रास्त आहे. मंजूर!"

*

हिंगण्याच्या कंपनीतला एक फिटर हर्नियासाठी आला होता. त्याला काही सांगावंच लागलं नाही.

"मॅडम, हे तर सेफ्टीचं सामान झालं! डोक्याले हेल्मेट, पायाले मोजे."

दुसऱ्या सकाळी गडी अख्ख्या रांगेची तपासणी करून राहिला होता. "मोजे नाही, तर ड्यूटी नाही!" त्या दिवशी मला आरामात चहा पिता आला.

*

खाप्याच्या शेवंताआजींचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. दुपारी त्यांनी सुनेकडून सुई-दोरा मागून घेतला. मी गेले तर म्हणतात, "एवढा मोठा दवाखाना, अन् फाटके मोजे देता काहून वं? मी शिवून देले!"

बोटांजवळचं भोक शिवलं होतं! स्वतःचं तर शिवलंच, शेजारणीचंही! अहो, ते भोक आम्हाला बोटांचा रंग पाहता यावा म्हणूनच असतं. टाके इतके बारीक की उसवता उसवता माझे डोळे दुखले. आजींना सांगितलं, "बोटं गुलाबी तर ठीक. निळी दिसली तर मला हाक मारा."

*

दोन दिवसांनी हाक आली. "सिस्टर, धाव वं! हिची बोटं निळी पडून राहिली!"

समोरच्या खाटेवरच्या मुलीने गरम होतं म्हणून मोजे गुडघ्याखाली गुंडाळले होते. ती गुंडाळी रबरबँडसारखी रुतली होती. लगेच काढली, तेव्हा कुठे रंग परत आला. डॉक्टरांनी आजींची पाठ थोपटली.

"हुशारी कायची गा डॉक्टर? भोकातून तर पाहिलं!"

मला मात्र इतका अभिमान वाटला, की घरी जाऊन सगळ्यांना दोनदा सांगितलं.

*

यंदा मे महिन्यात माझंच पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, माझ्याच वॉर्डात. कूलरही गरम हवा फेकत होता. शेवंताआजी तपासणीला आल्या होत्या. मी ॲडमिट आहे कळताच सरळ माझ्या खाटेशी आल्या.

मी पटकन चादर पायांवर ओढली. "कशा आहात आजी?"

आजींनी पायाकडून चादर उचलली. माझे उघडे पाय पाहिले. आणि त्यांचा हात सरळ माझ्या उशीखाली गेला.