आईला रिसर्चमध्ये घेतलं नाही

आमच्या हॉस्पिटलातल्या रिसर्चमध्ये आजारी माणूस चालत नसे. हृदयविकार होण्याआधीच ओळखता येतो का आणि टाळता येतो का, हे बघायचं होतं, त्यामुळे चाळिशी ओलांडलेली पण छातीची कसलीही तक्रार नसलेली माणसं लागायची. त्यांना सीटीच्या यंत्रात झोपवायचं, छातीला ईसीजीच्या वायरी चिकटवायच्या, श्वास रोखायला सांगायचं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलेलं असलं की ते पडद्यावर पांढरं दिसायचं. मग ज्याच्यात दिसेल त्याला गोळ्या द्यायच्या, तंबाखू सोडायला सांगायचं आणि पुढची काही वर्षं त्याच्या मागे लागायचं. मागे लागणं हे माझं काम. बजाजनगरचे कामगार शिफ्ट सुटल्यावर यायचे, छावणीतले दुकानदार यायचे. तंबाखूची पुडी खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि जाताना न विसरता परत न्यायचे.

माझे वडील या कामासाठी अगदी योग्य माणूस होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, तक्रार काही नाही, तंबाखू मात्र दिवसभर गालात. साहेबांना विचारून मी त्यांना घेऊन गेले. त्यांचा कॅल्शियम स्कोअर एवढा आला की डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचते, जुनी झाली की कडक होते, तेच हे कॅल्शियम, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर पडून रिक्षात बसल्यावर म्हणाले, "मला वाटलंच होतं. बोअरचं पाणी."

ते दुष्काळाचे दिवस होते. जायकवाडीचं धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र बायपासच्या पलीकडे वेड्यासारखं वाढत चाललेलं. आमची कॉलनी त्याच वाढीतली. पाइपलाइन 'येणार आहे' म्हणून प्लॉट विकले गेले आणि ती येतच राहिली. शेजारी नवीन बिल्डिंग उठत होती, तिच्या फलकावर पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं. आम्ही बोअर आणि टँकरवर. बोअर इतकं खोल गेलं होतं की पाणी उकळलं की पातेल्याला आतून पांढरा थर बसायचा. आई तो चिंच लावून घासायची. बाबांनी पातेल्यातला थर आणि पडद्यावरचे पांढरे ठिपके एकत्र केले आणि निकाल लावून टाकला.

गोळ्यांचं पाकीट त्यांनी उघडलंच नाही. "पाण्यानं झालंय, तर पाण्यानंच जाईल," म्हणाले. मी भांडले, डॉक्टरांना फोन लावून दिला. फोनवर ते "व्हय, व्हय साहेब" म्हणाले आणि फोन ठेवून आईकडं वळले. "तू पाजलंस मला हे. जारवाला आला नाय की बोअरचं आणून ठेवायचीस. नवऱ्याच्या काळजात दगड भरलेस." आई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "आता नाय पाजणार."

त्या दिवसापासून बाबांसाठी औरंगपुऱ्याचं पाणी सुरू झालं. तिथं माझ्या मामाचं घर. जुन्या वस्तीत अजून नळाला पाणी यायचं, कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. नळ आला की मामाचा फोन यायचा आणि आई दोन कॅन घेऊन निघायची. मामी दारातच तोंड वाकडं करायची, "आम्हालाच पुरत नाय, वन्सं," आणि मग अर्धं तोंड वाकडं ठेवून कॅन भरू द्यायची. येताना रिक्षा. आमचं घर वरच्या मजल्यावर, खाली भाडेकरू. कॅन जिन्यानं वर न्यायचं तेही आईनंच, कारण मी नोकरीवर आणि बाबांच्या काळजात दगड. या पाण्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आम्ही दोघी बोअरचं प्यायचो. मला या गोष्टीचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो, तो जराही कमी झालेला नाही.

एका दुपारी मी लवकर घरी आले तर आई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली. कॅन शेजारी. "काय झालं?" "काय नाय. छातीवर पाटा ठेवल्यागत होतं. थोडं बसलं की उतरतं." असं कधीपासून होतं, हे तिनं मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला हॉस्पिटलात नेलं. एवढं मोठं यंत्र आहे, मीच तिथं काम करते, आईला एकदा त्यात घालू, असा साधा विचार. आपल्या नातेवाइकांना प्रश्न आम्ही स्वतः विचारायचे नाहीत असा नियम होता, म्हणून माझ्या सहकारी मुलीनं विचारले. चढताना छातीत दुखतं का? आई शपथेवर बोलल्यासारखी खरं बोलली. पाट्याचं सांगितलं, डाव्या हाताला मुंग्या येतात तेही सांगितलं. मुलीनं पेन खाली ठेवलं. तक्रार असलेलं माणूस रिसर्चमध्ये बसत नाही. तिनं आईला हृदयाच्या ओपीडीत पाठवायचं लिहून दिलं आणि नीट समजावलं की हे जास्त महत्त्वाचं आहे, लगेच दाखवा.

आईनं त्यातलं एकच ऐकलं, की घेतलं नाही. घरी येऊन बाबांना म्हणाली, "मला परत पाठवलं." बाबांनी समाधानानं तंबाखू मळली. "परत पाठवलं म्हणजे तुला काय नाय. ज्याच्यात काय असतं त्यालाच घेतात. मला कसं लगेच घेतलं?" मी ओरडून सांगितलं की बरोबर उलटं आहे. तुम्ही ठणठणीत होता म्हणून तुम्हाला घेतलं, ती आजारी आहे म्हणून तिला नाही घेतलं. बाबा हसले. "म्हणजे तुझं हॉस्पिटल बऱ्या माणसाला तपासतं आणि आजाऱ्याला हाकलतं? येडं समजतेस का आम्हाला?" आईसुद्धा हसली. खरं सांगायचं तर हे ऐकायला मूर्खपणाचंच वाटतं, आणि बाहेरच्या माणसाला ते पटवून देणं मला आजतागायत जमलेलं नाही. कॉलनीत मात्र बातमी पसरली. मोठ्या हॉस्पिटलात सीटीवाल्यांनी बघितलं आणि हिला काही नाही म्हणून परत पाठवलं. बायका तिचं कौतुक करायच्या. आई थोडी मिरवायचीही.

मी ओपीडीची वेळ घेतली. पहिल्या वेळी मामाचा नळ आला. दुसऱ्या वेळी टँकर. टँकरचा दिवस ठरलेला नसायचा. हॉर्न वाजला की हौदावर पाइप धरायला माणूस पाहिजे, नाहीतर टँकरवाला पुढच्या दाराशी. बाबा दिवसभर घरीच होते. पण पाइप धरायच्या रांगेत बायका असायच्या आणि बाबा आयुष्यात त्या रांगेत उभे राहिले नव्हते. "तुझ्या डॉक्टरला उद्याची वेळ माग. टँकरला मागता येत नाय," असं ते म्हणाले, आणि आईला ते पटलं.

तिसऱ्या वेळी मी रजा टाकली. आईनं बाहेर जायचं लुगडं नेसलं, डोक्याला तेल लावलं. मी रिक्षा आणायला कोपऱ्यावर गेले. रिक्षावाला बायपासवरून आत यायला तयार नव्हता, त्याला पटवून घेऊन आले तर आमच्या दाराशी टँकर उभा आणि बायकांचा घोळका. आई हौदाजवळ मातीत पडलेली. पाइप तिच्या हातातून सुटून रस्त्यावर वाहत होता. वर गॅलरीत बाबा. ते ओरडत होते, "पाइप धरा कुणीतरी, पाइप."

आणि धरला. शेजारच्या काकूंनी पाइप उचलून आमच्या हौदात सोडला, मग चौघींनी मिळून आईला उचललं. त्यांनी ते आमच्या भल्यासाठीच केलं. त्या दिवसांत ओंजळभर पाणी मातीत गेलं तरी माणसं हळहळायची. त्याच रिक्षातून मी तिला नेलं. हॉस्पिटलात या वेळी तिला कुणी प्रश्न विचारले नाहीत. ती वाटेतच गेली होती.

दहाव्या-बाराव्याला माणसं भेटायला येत होती. बाबा भिंतीला टेकून बसायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, "सीटीवाल्यांनी बघितलं होतं. काय नव्हतं तिला. हे पाण्यानं झालं. मला औरंगपुऱ्याचं आणून द्यायची आणि स्वतः बोअरचं प्यायची. लई सांगितलं, ऐकली नाय." लोक माना डोलवायचे. एक गृहस्थ म्हणाले, आता कॉलनीनं फिल्टर बसवलाच पाहिजे, वहिनींच्या नावानं. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पाण्यानं नाही मेली. तुमचं पाणी वाहून मेली. तुम्ही मारलंत." बाबांनी माझ्याकडं दयेनं बघितलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "पोरगी दुःखात हाय. मनावर घेऊ नका." कुणी घेतलं नाही.

पुढं ते घाबरले. आईला मातीत पडलेलं त्यांनी वरून बघितलं होतं, ते काहीतरी आत लागलं असावं. मी गोळी पुढं केली तर मुकाट्यानं घेतली. तंबाखूही सुटली. आता रोज सकाळी मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते. पथ्याचं जेवण, संध्याकाळी चालणं, वर्षातून एकदा तपासणी. डॉक्टर खूश आहेत. कॉलनीतले म्हणतात, लेक असावी तर अशी.

कॉलनीत नळ अजून आलेला नाही. टँकरचा हॉर्न वाजला की मी जागची हलत नाही. बाबा उतरतात, बायकांच्या रांगेत पाइप धरून उभे राहतात, मग हौदातून कॅन भरून जिना चढतात. मी वर बसून त्यांचा श्वास ऐकते. चांगला चालतो. अजून खूप वर्षं चालला पाहिजे, त्यासाठीच तर मी ती गोळी देते. तिच्यासारखं पटकन सुटायचं भाग्य मी त्यांना मिळू देणार नाही.