माव्याच्या पोटातले भाडेकरू

माव्याला भरवण्याच्या नादात स्वतः जेवायचं विसरणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि २००६च्या सुमारास तो इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत राहत होता. मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस पिणारी ती हिरवी कीड. आपण तिच्यावर साबणाचं पाणी मारतो. माझा हा नागपूरकर संशोधक घरसोबती तिला रंगाच्या ब्रशने अलगद उचलून ताज्या रोपावर ठेवायचा, पाहुण्याला धुतलेल्या चादरीवर निजवावं तसं. मावा अंडी न घालता थेट पिल्लंच देतो. त्यामुळे आईचा फोन आला की हा म्हणायचा, "आई, थांब थोडी, इकडे बाळंतपण सुरू आहे."

खरं तर मावा ही त्याच्या लेखी नुसती इमारत होती. जीव जडला होता तो तिच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जिवाणूंवर. हे जिवाणू एकेकाळी बाहेर मोकळे जगत. आत राहायला आले की त्यांच्या जनुकांमधले काही उडाणटप्पू तुकडे स्वतःच्या नकला काढत वाटेल तिथे घुसतात आणि चांगली जनुकं मोडतात. आयतं खायला मिळत असल्यामुळे मोडल्याने काही अडत नाही, आणि मोडलेलं हळूहळू गळून जातं. "ही सरळसरळ गुलामी आहे," मी म्हणालो, "यावर पत्रक निघायला हवं." त्या दिवसांत मी कशावरही पत्रक काढत असे, व्हिसाच्या नियमांवर तर तीन काढली होती. त्याने माझं ताजं पत्रक शांतपणे वाचलं. "'आता गप्प बसणे नाही' हे वाक्य पाच जागी घुसलंय बे. एकदा तर मुद्द्याच्या मधोमध. तुला जिवाणू समजायला काही जड नाही."

त्याच्या माव्यातल्या जिवाणूंमध्ये हे तुकडे अजून उड्या मारत होते, पडझड नुकती सुरू झाली होती. असं वाण त्याला एकदाच सापडलं होतं. प्रकल्प संपत आला, प्रयोगशाळेतली जागा दुसऱ्याला गेली, तेव्हा परवानगी काढून त्याने कुंड्या घरी आणल्या. आणखी तीन आठवडे मावा जगला की शेवटचे नमुने मिळणार आणि चार वर्षांचं काम पुरं होणार होतं.

अशा वेळी मी त्याचं बियाणं खाल्लं. स्वयंपाकघरात ओल्या फडक्यात मोड आलेलं काहीतरी दिसलं. मला वाटलं, लंडनला वेम्बलीतल्या देशी दुकानातून वाल आणलेत. सोलले, गूळ-खोबरं घालून उसळ केली. तो दोनदा वाढून घेऊन म्हणाला, "वाल कुठचे रे?"

"तुझेच. फडक्यातले."

चमचा खाली ठेवून तो खिडकीतल्या पिवळ्या पडलेल्या रोपांकडे बघत राहिला. "माव्याची पुढची रोपं होती ती," एवढंच म्हणाला. मग ताटातलं संपवलं, कारण अन्न टाकायचं नाही असं त्याला घरी शिकवलेलं होतं.

कुणापुढे हात पसरायचा नाही हे माझं तत्त्व मी त्या संध्याकाळी गुंडाळून ठेवलं आणि शेजारच्या इंग्रज आजीबाईंचं दार वाजवलं. त्यांच्या मळ्यात वालासारख्या दिसणाऱ्या याच शेंगांची रोपं होती.

"जन्मभर मी त्या किडीला मारत आले," त्या म्हणाल्या, "आणि तू तिच्यासाठी जेवण मागतोयस?" मग बूट चढवून सहा रोपं मुळांसकट उपटून दिली. "मित्र ठीक आहे ना तुझा?"

मावा जगला. नमुने मिळाले. त्याची नोकरी मात्र पुढे वाढली नाही, आणि नोकरीबरोबर व्हिसाही संपला. उरलेला मावा मारायची वेळ आली तेव्हा सकाळभर तो नुसता ब्रश धूत बसला. शेवटी आजीबाईंनीच मळ्यातली एक ओळ देऊ केली. "एकच," त्यांनी बजावलं.

पुढच्या मे महिन्यात मी नागपूरला फोन केला. "आहे तुझा मावा. आजीबाई शिव्या घालतात, पण फवारत नाहीत."

"आणि जिवाणू? अजून आहेत त्यांच्यात?"

"ते मला काय कळणार? बघायला तू इथे हवास."

तो नागपुरात ऊन किती चढलंय ते सांगू लागला.