बाईची दोन नावं आणि पोर्ट लुईस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी न अडखळता माझ्या थोरल्या बहिणीचं नाव सांगतो: शेवंता. हे नाव चुकीचं आहे. ते समजायला मला तेहतीस वर्षं आणि मॉरिशसची सहा तिकिटं लागली.

आमचं घर नागपूरजवळच्या खाप्याचं, घरात हातमाग. बाईला (मी तिला बाईच म्हणतो) सातवीनंतर शाळेतून काढलं, कारण मागासाठी सूत गुंडाळायला माणूस हवं होतं आणि शिकवायचं मला होतं. ती सूत गुंडाळता गुंडाळता माझं भूगोलाचं पुस्तक मांडीवर उघडून मला राजधान्या विचारायची. मॉरिशसला मी दर वेळी अडायचो.

"पोर्ट लुईस गा," ती म्हणायची. "शिकून मोठा झाला का मले घेऊन जाजो तिथं. समुद्रई पाहू. मंग नाही इसरणार तू."

मी शिकलो. घराण्यातला पहिला पदवीधर. नागपूरला नोकरी, फ्लॅट, लग्न, दोन मुलं, सगळं वेळेवर झालं. पोर्ट लुईस तेवढं राहिलं.

मागच्या वर्षी मी पन्नाशी गाठली आणि मला एकाएकी कृतज्ञता सुचली. (पन्नाशीत गुडघे आणि कृतज्ञता एकदमच दुखू लागतात.) मी घरात जाहीर केलं, की बाईला पोर्ट लुईस दाखवणार. दोघंच, बहीणभाऊ.

बायकोला कल्पना फार आवडली. फक्त तिकडच्या हॉटेलातला शॉवर बाईंना कोण समजावून सांगणार, एवढंच तिने विचारलं. म्हणून ती आली. आईबाप दोघंही जाणार, तर मुलांना मागे कसं ठेवायचं? मुलं आली. मुलांच्या जेवणाचं काय, असं सासूबाईंनी विचारलं आणि त्याही आल्या. (त्यांचा पासपोर्ट तयारच होता. त्या मुलाकडे दुबईला जाऊन आल्या होत्या, आणि हे त्या मेथी निवडतानाही सांगत.) पंधरा दिवसांत दोघांचे सहा झाले. जरीपटक्याच्या ट्रॅव्हल एजंटने चहा मागवला.

"तारीख बाद में चेंज नहीं होगी, सर. पासपोर्ट सबके हैं ना?"

"एकाचा बनून राहिला," मी म्हणालो. खरं तर तो बनायला बसलाही नव्हता.

बाई खाप्याहून आली ती कुरडयांचा डबा आणि नवी लाल बॅग घेऊन. बॅग तिने इतवारीत चार दुकानं पालथी घालून घेतली होती, आणि आठ दिवस गल्लीत ओढून पाहिली होती. सगळ्या गल्लीला आता मॉरिशसची राजधानी पाठ होती.

रविवारी मी संगणकासमोर बसून तिचा पासपोर्टचा अर्ज भरायला घेतला. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी आमच्या जुन्या पेटीतून आधीच काढून आणला होता.

"बापू, एक सांगू का?" ती म्हणाली.

मी तिला थांबवलं. मधे बोललं की माझी लिंक तुटते. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अरे, पण नावाचं–"

"नाव मले माहीत आहे वं बाई. तू चहा ठेव."

तिने चहा ठेवला. मी दाखल्यावरून शेवंता लिहिलं. आडनाव मात्र आठवणीने सासरचं टाकलं, आणि या हुशारीबद्दल दुसरा कप मागितला.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मी ज्या कार्यालयात अधीक्षक आहे, तिथे माझं काम एकच: लोकांच्या कागदांवरची नावं एकमेकांशी जुळतात का ते पाहणं. जुळली नाहीत तर मी अर्ज परत करतो. बावीस वर्षांत मी एकालाही सोडलेलं नाही.

पासपोर्ट कार्यालयातल्या मुलाखतीच्या दिवशी बाई नवं लुगडं नेसून आली. खिडकीतल्या बाईंनी नाव विचारलं. बहीण माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "कोनतं सांगू? माहेरचं का सासरचं?"

खिडकीतल्या बाईंनी आधार कार्ड पाहिलं, अर्ज पाहिला. "आधारवर रेखा आहे, अर्जावर शेवंता. यातली तुमची बहीण कोणती?"

"दोघीही," मी म्हणालो.

माझ्या मागे रांगेत कोणीतरी हसलं. तो माझ्या कार्यालयातून कधीतरी परत गेलेला माणूस असावा.

लग्नात तिचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने नवऱ्याने रेखा हे नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. सगळा गाव हजर होता. मी नव्हतो. मी मांडवामागे बारावीचं पुस्तक घेऊन बसलो होतो, कारण नवरीनेच सांगून ठेवलं होतं की त्याला कोणी उठवू नका, त्याची परीक्षा आहे. पुढे सासरी ती कोणाची वहिनी झाली, कोणाची काकू. मला ती बाई. कागदावर ती कोण आहे, हे विचारायची मला कधी गरजच पडली नाही.

मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, नवा अर्ज. खिडकीतल्या बाईंनी सगळं नीट समजावलं (मी समजावतो त्यापेक्षा खूपच नीट). विमानाला एकोणीस दिवस होते आणि त्यात हे बसत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो. एजंटने तारखेचं पुन्हा सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, की बाईंना इतका प्रवास सोसेल का, ही शंका त्यांना पहिल्यापासून होतीच. मुलं मोबाइलमध्ये बघत होती. 'मग कोणीच जायचं नाही' हे वाक्य कोणीतरी म्हणायला हवं होतं. घरातला कर्ता मी. मी उठून पाणी प्यालो.

मी परत येईपर्यंत बाईच बोलून गेली होती. "तुम्ही जा गा. घर मी पाहीन. झाडं सुकतीन नाहीतर."

मी 'नाही' म्हणालो. एकदाच, आणि फारसं मोठ्याने नाही.

निघायच्या दिवशी सासूबाईंच्या बॅगेची चेन तुटली. बाईने आपल्या लाल बॅगेतली लुगडी काढली, आतून फडकं फिरवलं आणि ती त्यांच्यापुढे ठेवली. "चाकं लई मस्त आहेत, मावशी."

अशा रीतीने बाईची बॅग मॉरिशसला गेली.

तिथे तिसऱ्या दिवशी मला राहवेना. हॉस्टेलवर असताना मी तिला दर आठवड्याला पत्र लिहायचो. तसंच हॉटेलच्या कागदावर एक लिहिलं, आणि त्याचा फोटो समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंच्या मोबाइलवर पाठवला, तिला दाखवा म्हणून. ते खाली देतो. एक अक्षरही बदललेलं नाही. बदलायची फार इच्छा होती.

ती. बाईस,

शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. पोर्ट लुईस अगदी पुस्तकात होतं तसंच, समुद्राला लागून आहे. समुद्र बराच मोठा आहे, पण दोन दिवसांत सवय होते. तू आली नाहीस ते एका अर्थी बरंच झालं, ऊन फार आहे आणि चालावंही फार लागतं. तुझी बॅग छान चालते. तुझ्यासाठी घेतलेला पलंग रिकामाच आहे, त्यावर आम्ही ओले टॉवेल वाळत घालतो. परत आल्यावर तुझा अर्ज नक्की भरू. या वेळी तुला विचारून.

झाडांना पाणी घाल. शुक्रवारी सिलिंडरवाला येईल, तेव्हा कुठे जाऊ नकोस. तो नाव विचारेल. तू माझंच सांग, म्हणजे घोटाळा होणार नाही.

तुझा,
बापू