विसळल्याशिवाय नाही

आमच्या साडूंइतका चहा वाया घालवणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात शोधून सापडायचा नाही. कपात घोटभर चहा घ्यायचा, कप गोल फिरवायचा, मोरीत ओतायचा. असं तीनदा झालं की मग प्यायचा. "नमुना ज्या पाण्याचा, बाटली त्याच पाण्यानं विसळायची राव," असं वर मलाच समजावत. नोकरीच तशी. तोफगोळ्यांच्या चाचण्यांमुळे आसपासच्या माती-पाण्यात काय मुरलंय, ते तपासायचं. पुनावळ्यातल्या त्यांच्या घरी फ्रिज उघडावा तर गावोगावच्या विहिरींचं पाणी. माझी मेहुणी बिचारी कोथिंबीर शेजारी ठेवायला देई. एका लग्नात त्यांनी मठ्ठ्यानं पेला विसळला, तेव्हा वाढप्यानं हात जोडले होते.

परक्या घरी पाणी प्यायचं तर आधी विहीर कुठली, तोफांच्या चाचणीचं मैदान किती लांब, ही उलटतपासणी. अपवाद एकच घर, चाकणच्या पलीकडे, चाचणी मैदानाच्या कुंपणालगतचं. तिथं त्यांची थोरली बहीण, आक्का राहते. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानंच त्यांना तिथं नेऊन वाढवलं. तिथलं पाणी ते काही न विचारता पीत. तांब्या मात्र विसळतच, आणि आक्का हसायची, "सांड किती सांडायचं ते. हिरीला काय तोटा हाय?"

पुढे तपासणी त्या विहिरीपर्यंत आली आणि पाण्यात स्फोटकांचा अंश निघाला. "बाटली नीट विसळली नसेल हो माझ्याकडून," साडू मला म्हणाले. हे कोण म्हणतंय! पण मला हसू आलं नाही. त्यांनी नवी बाटली घेतली, पुन्हा नमुना आणला, पुन्हा तपासला. चूक काही सापडेना.

सांगायला जाताना त्यांनी मला सोबत नेलं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"पर तू ह्याच पान्यावर वाढलास नव्हं?"

"व्हय, आक्का."

"मंग?"

मला फार वाईट वाटलं.

आता विहिरीवर जाळी आहे आणि आक्काच्या दारात टँकर येतो. कधी येतो, कधी नाही. परवा आम्ही गेलो, तर तिनं नेहमीसारखा तांब्या-पेला पुढे केला. साडूंनी पेल्यात घोटभर पाणी घेतलं, सवयीनं गोल फिरवलं. आक्का नुसती बघत होती. या वेळी ती "सांड" म्हणाली नाही.

साडूंनी पेला तसाच तोंडाला लावला आणि ते विसळणीचं पाणी पिऊन टाकलं.